मागून जेवणारीचं पोट

चार बायका एकत्र आल्या की पोटाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. शाळेची स्टाफरूम असो, भिशी असो, नाहीतर पंचवटीत भाजी घेताना कोणी भेटो. "रात्रभर पित्तानं डोळ्याला डोळा नाही." "सकाळी उलटी झाली तेव्हा कुठं डोकं उतरलं." "दोन दिवस पोट साफ नाही." "काहीही खाल्लं तरी फुगतं बाई." आणि तक्रार पुरी व्हायच्या आत औषध हजर! एक म्हणते मोरावळा घे, दुसरी म्हणते जिऱ्याचं पाणी, तिसरी तर पर्समधून पुडी काढूनच देते. पाच मिनिटांत सगळ्याजणी दुसऱ्या विषयावर. हे रोज का होतं, एवढं विचारायचं मात्र राहून जातं.

आता हा ‘पित्त’ शब्दच बघा. आपल्या बोलण्यात तो किती गोष्टींना पुरतो! छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, की पित्त. अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सोसत नाही, मळमळतंय, तेही पित्त. अंगावर गांधी उठल्या, आमसुलाचं पाणी चोळलं, तेही पित्तच. डॉक्टरांच्या लेखी ही तीन निराळी दुखणी आहेत. पहिलं अन्ननलिकेचं आणि जठराचं, दुसरं बरेचदा अर्धशिशीचं, तिसरं अ‍ॅलर्जीचं. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा, तूपतेल पचवायला मदत करणारा जो हिरवट-पिवळा रस, तो तर या तिन्हींहून वेगळा. पण नाव एकच पडल्यामुळे पुडीही एकच चालते. अर्धशिशी असलेली बाई वर्षानुवर्षं आम्लाच्या गोळ्या घेत राहते आणि "माझं पित्त फार चिवट आहे" म्हणते, ते यामुळेच.

छातीतल्या जळजळीपुरतं बोलायचं तर जठरात आम्ल असणं हा काही रोग नव्हे. ते तिथं असायलाच हवं. अन्नातल्या प्रथिनांचं पचन त्याच्या मदतीनं सुरू होतं, पाण्याअन्नातून गेलेले कितीतरी जंतू त्यानं मरतात. जठराच्या आतल्या अंगाला त्यापासून बचाव करणारा बुळबुळीत थर असतो, अन्ननलिकेला मात्र तसा नसतो. म्हणून दोघांच्या मध्ये स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. हे कडं ढिलं पडलं किंवा खालून पोटाचा दाब वाढला की आम्ल वर येतं, आणि मग उरोस्थीच्या मागे आग होते, घशात आंबट येतं, कुणाला नुसता कोरडा खोकला लागतो.

कडं ढिलं का पडतं, दाब का वाढतो, याची कारणं बहुतेक आपल्या दिनक्रमातच सापडतात. एका वेळी भरपूर आणि तेलकट जेवण. जेवल्याबरोबर आडवं होणं. पोटाभोवती वाढलेलं वजन. गरोदरपण. तंबाखू, आणि त्यात मिश्रीही आली बरं का! "मी कुठं तंबाखू खाते, नुसती दाताला लावते" असं म्हणणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, पण तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांवाटेही शरीरात जातंच. आणि एक अगदी आपल्या घरचं कारण सांगू? परकराची नाडी. निऱ्या सुटू नयेत म्हणून सकाळी करकचून बांधलेली नाडी आपण रात्री झोपेपर्यंत तशीच ठेवतो. जेवणानंतर ती दोन बोटं सैल करून बघा, फुकटचा उपाय आहे.

दिवसाचं वेळापत्रक

आता एखाद्या गृहिणीचा दिवस मांडून बघू या. साडेपाचला उठायचं. पाणी, ओटा, पहिला चहा. डबे करताना दुसरा चहा. मुलं शाळेत, नवरा सातपूरला किंवा अंबडला कंपनीत. त्यानंतर पूजा, धुणं, आणि अकराच्या सुमाराला कढईत उरलेले पोहे. दुपारचं जेवण अडीचला. पाचला पुन्हा चहा, सोबत खारी नाहीतर मूठभर चिवडा. आणि रात्री? आधी मुलं, मग सासूसासरे, मग नवरा. प्रत्येकाला तव्यावरची गरम पोळी. त्याची दुसरी पाळी असेल तर अकरानंतरच. सगळ्यांचं झालं की उरलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून जरा जास्तच पोटात ढकलायची, ओटा पुसायचा, आणि दिवसभराचं अंग आंबलेलं म्हणून लगेच गादीवर पडायचं.

म्हणजे बघा, सकाळी सहा तास नुसता चहा, आणि रात्री दिवसातलं सगळ्यांत मोठं जेवण झोपायच्या आधी अर्धा तास! दोष त्या पोटाला कसा द्यायचा? जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं, असं पोटाचे डॉक्टर सांगतात, ते अगदी साध्या कारणासाठी. उभं किंवा बसलेलं असताना आम्ल आपल्या वजनानं खाली राहतं, आडवं झाल्यावर त्याला अडवायला ते कडंच काय ते उरतं.

पण "लवकर जेवा" हे सांगणं सोपं आहे. आपल्या घरांत बायको मागून जेवते ती काही तिला भूक नसते म्हणून नव्हे. गरम पोळीचा हट्ट आहे, ‘सगळ्यांना वाढून मग मी’ अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. माझ्या मते पोटाच्या निम्म्या औषधांचा खर्च या एका पोळीपायी होतो. पोळ्या आधी करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर तासाभरानंतरही मऊ राहतात. ताटं एकदम वाढून मध्ये भांडी ठेवली की ज्याचं त्याला घेता येतं. सासूबाईंना पटवायचं असेल तर भांडणाच्या वाटेनं जाऊ नका. "आई, डॉक्टरांनी आठला जेवायला सांगितलंय, तुम्हीही माझ्याबरोबर बसा ना," असं म्हणून बघा. एकटीनं आधी जेवणं घरात खटकतं, दोघींनी बसणं सहसा खटकत नाही. आणि खरं तर त्यांच्याही छातीत जळजळतच असतं!

नवरा पाळीवर असेल तर त्याच्यासाठी रात्री थांबून राहू नये. त्यालाही रात्री साडेअकराला भाजी, पोळी, वरणभात असं पूर्ण ताट सोसत नाहीच. त्यानं मुख्य जेवण कामावर सातआठच्या सुमाराला डब्यातलं करावं आणि घरी आल्यावर थोडा ताकभात किंवा मुगाची पातळ खिचडी एवढ्यावर भागवावं. ज्यांना रात्री फारच त्रास होतो त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या दोन उश्या घेऊन मान वाकते, पोट दाबलं जातं, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्यानंही फरक पडतो, कारण जठराचा फुगीर भाग त्या बाजूला असतो आणि आम्ल तिथंच खाली राहतं. शतपावलीची आपली जुनी सवय होती, ती पुन्हा लावून घ्यायला काही हरकत नाही.

उपवास की फराळ?

एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आपणच हसत हसत म्हणतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण ताटात काय असतं ते बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेल्या पापड्या, वेफर्स, आणि दर दोन तासांनी चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत, चोथा नाममात्र. त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही यात नवल ते काय! (गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, राजगिरा, सगळ्यांचं मूळ गाव अमेरिका. आपल्या पणजीच्या पणजीच्या उपवासाला यातलं काय होतं कोण जाणे.)

संकष्टीचं तर विचारूच नका. दिवसभर चहावर काढायचा आणि चंद्रोदय झाला की रात्री नऊ-साडेनऊला वरणभात, भाजी, तळलेले मोदक. रिकाम्या पोटावर एकदम एवढं भरून लगेच झोपणं म्हणजे आम्लाला हातानं वर बोलावणं. उपवास मोडायचा नाही ना? मग दुपारी फळं, काकडी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची लाही दुधातून, ताक असं घेत राहावं, आणि रात्री नैवेद्यापुरतंच घ्यावं. एखादा उकडीचा मोदक खावा, पाच तळलेले खाऊ नयेत.

भगर मात्र नाशिकची आपलीच. भगरीच्या गिरण्या आपल्याकडे आहेत आणि चांगली भगर साबुदाण्यापेक्षा केव्हाही उजवी. दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर असली की पोटाला बरी. एक जपायचं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात सणासुदीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वाचल्या असतील. दमट जागी राहिलेल्या भगरीला आणि विशेषतः तिच्या तयार पिठाला बुरशी लागते, आणि बुरशीचं विष शिजवून जातंच असं नाही. तेव्हा सुटं पीठ विकत आणू नये. तारीख छापलेली बंद पिशवीतली भगर आणून, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी. कुबट वास आला तर हळहळ न करता टाकून द्यावी.

नागली, कोंडा आणि सकाळची घाई

आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडे नागलीची भाकरी हे रोजचं अन्न. शहरात आलो आणि आपण मऊसूत पोळीवर, पावावर, बिस्किटांवर गेलो. आकडेच बघा. शंभर ग्रॅम नागलीत, बाजरीत किंवा न चाळलेल्या कणकेत चोथा सुमारे अकरा ग्रॅम, ज्वारीत दहाच्या आसपास. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनसुद्धा नाही. दिवसाला मोठ्या माणसाच्या पोटात पंचवीस ते तीस ग्रॅम चोथा जावा असं आहारतज्ज्ञ सांगतात. सकाळी खारी, दुपारी भात, रात्री बारीक चाळणीनं चाळलेल्या कणकेचे फुलके, यात तो यायचा कुठून? ती चाळणी आधी बाजूला ठेवा. कणीक चाळायचीच तर खडा-किडा बघण्यापुरती मोठ्या भोकाच्या चाळणीनं चाळावी, कोंडा फेकू नये.

डॉ. डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश शल्यवैद्य पूर्व आफ्रिकेत पुष्कळ वर्षं काम करीत होते. जाडंभरडं खाणाऱ्या तिथल्या खेड्यांतल्या लोकांना बद्धकोष्ठता, मूळव्याध, अपेंडिक्स ही दुखणी क्वचितच होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि १९७० नंतरच्या दशकात चोथ्याचं महत्त्व त्यांनी जगाला सांगितलं. त्यांचं सगळंच पुढं खरं ठरलं असं नाही, पण पोट साफ राहण्याबाबत त्यांचं म्हणणं टिकून आहे.

मात्र लेख वाचून उद्यापासून एकदम वाटीभर कोंडा खायला लागू नका हं! पोट ढोलासारखं फुगेल आणि मला शिव्या द्याल. आठवड्यात दोनदा नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, एक कोशिंबीर, सालासकट पेरू, असं हळूहळू वाढवावं आणि बरोबर पाणी वाढवावं. इसबगोलही भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं, चमचाभर घेऊन वर दोन घोट पाणी पिण्यात अर्थ नाही. सोनामुखीची चूर्णं कधीतरी ठीक, रोजची सवय लावून घेऊ नये.

आणि खाणं सुधारलं तरी दुसरी एक गोष्ट उरतेच. सकाळी पोटात काही गेलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. नेमकी तीच वेळ आपली कुकर लावण्याची! "डबे झाले की जाईन" म्हणत ती संवेदना दाबली की तासाभरानं ती जातेच, आणि मग दिवसभर येत नाही. वेग अडवू नयेत हे चरकसंहितेत सांगितलंय, तिथं असे तेरा वेग मोजलेत. शिक्षिका, बँकेतल्या, कचेरीतल्या बायका तर बाहेरची स्वच्छतागृहं नकोत म्हणून पाणीच कमी पितात. पोट आणि लघवी दोन्हीचं नुकसान. घरात सांगून टाकावं की सकाळची ही दहा मिनिटं माझी, तेवढ्यात दूध उतू जात असेल तर गॅस कुणीतरी बंद करावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या काही गोळ्यांनीही पोट घट्ट होतं. ते डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, आपण होऊन बंद करायची नसते.

कांदा, दूध, मिसळ

लासलगाव आपल्या जिल्ह्यात, तेव्हा कांद्याची निंदा कशी करू? पण काहीजणींना कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा यांतली काही शर्करा लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस होतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं अशा पदार्थांच्या याद्या करून आहाराची एक पद्धतच बसवली आहे. पण ती काही आठवडे, जाणकाराच्या देखरेखीखाली करून मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा असतो. मोबाइलवर बघून सगळंच सोडून बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, शेवटी अशक्तपणा येतो. घरच्या घरी करायचं ते एवढंच, की कडधान्य रात्री भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, मोड आणायचे, मऊ शिजवायचं. दुधानं पोट बिघडत असेल तर दही-ताक करून बघावं, पुष्कळांना ते सोसतं. पित्तावर थंड दूध घेतल्यानं घटकाभर बरं वाटतं खरं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं पुढं आम्ल वाढूही शकतं.

मिसळीबद्दल न लिहिता नाशिकचा लेख पुरा कसा होणार! मटकीची उसळ बिचारी चांगलीच आहे. पोट बिघडतं ते वरच्या तर्रीनं, तीन-तीन पावांनी आणि रविवारी अकरापर्यंत उपाशी राहून त्यावर तुटून पडण्यानं. रस्सा बेतानं, दही जास्त, आणि निघायच्या आधी घरी एखादं केळं.

मनाचं पोटात

परीक्षेचे पेपर तपासायचे असले, घरात आजारपण असलं, मुलीचं लग्न ठरत असलं की पोट बिघडतं, हा अनुभव सगळ्यांचा. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं दुतर्फा बोलणं चालू असतं. सगळे रिपोर्ट चांगले येऊनही पोटात कळा, कधी जुलाब कधी कोठा घट्ट, असं महिनोन्‌महिने चालतं, त्याला आय.बी.एस. म्हणतात. ते खरं दुखणं आहे आणि त्यावर उपाय आहेत. "रिपोर्टमध्ये काही नाही, तुझं सगळं मनाचं आहे," असं घरात कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तिखटावर सगळा दोष नको

जठरातला व्रण, म्हणजे अल्सर, हा तिखट आणि काळजी यांमुळे होतो, असंच डॉक्टरसुद्धा पूर्वी समजत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरात वस्ती करतो. कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूंचा द्रव स्वतःच प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की अल्सर जंतूमुळे असेल तर वर्षभर गुरगुट्या भात खाऊनही तो जायचा नाही. तपासणी करून औषधांचा कोर्स पुरा करायला हवा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्याच फडताळात असतं, गुडघ्यांसाठी आणि कंबरेसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. त्याही बहुधा उपाशीपोटी, दुकानातून मागून आणलेल्या. आणि त्यांनी जळजळलं की वर आम्लाची गोळी! पँटोप्राझोल, ओमिप्राझोल या गोळ्या गुणकारी आहेत, पण त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात आणि किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

हे ‘पित्त’ नव्हे

आमच्या कॉलनीतल्या एक बाई आठ महिने पुड्या घेत होत्या. लग्नकार्यात जेवल्या की रात्री उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत जायची. सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही बाळंतपणं झालेल्यांत आणि चाळिशीनंतर हे खडे अधिक. तोवर एकदा कावीळही होऊन गेली होती.

त्याहून गंभीर गोष्ट हृदयाची. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नेहमी छातीवर हात ठेवून कोसळण्यासारखा दिसतोच असं नाही. पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ, दरदरून घाम, दम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विलक्षण थकवा, अशानंही तो येतो. आणि आपण सोडा पिऊन "गॅस आहे" म्हणत सकाळपर्यंत वाट बघतो. मधुमेह, रक्तदाब असेल, पाळी गेलेली असेल, तर असं होताच १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठावं आणि कार्डिओग्राम काढावा. गॅसच निघाला तर कुणी हसणार नाही.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, ते सांगावं), वारंवार उलटी, झोपेतून जागं करणारी कळ, हिमोग्लोबिन सतत कमी, किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यांतलं काहीही असलं तर मोरावळ्यावर वेळ घालवू नये. रक्त दिसलं की "मूळव्याधच असेल" म्हणून लाजेनं गप्प बसणं तर मुळीच नको. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर बघा, नाशिकमध्ये आता त्यांची वानवा नाही.

जाण्याआधी आठवडाभर वहीच्या एका पानावर लिहून ठेवा, कितीला काय खाल्लं, त्रास केव्हा झाला, पाळीची तारीख, रात्री किती वाजता झोपलात. तपासायला पाच मिनिटं मिळतात, त्यात हे पान फार कामाला येतं. आणि पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टाका. गुडघ्याची, थायरॉइडची, लोहाची, शिवाय चूर्णाचा डबा आणि शेजारणीनं दिलेली ती पुडीसुद्धा.